कूलरमधले वाल

आमच्या घरची कचऱ्याची बादली बिचारी उपाशी असते. तिच्या तोंडचा घास मी काढून घेते. कांद्याच्या पातीची मुळं कापली की थेट पाण्याच्या पेल्यात. आल्याला कोंब दिसला की कुंडीत. इथे चंदीगडला आठवड्यातून एकदा शेतकऱ्यांचा बाजार भरतो, अपनी मंडी म्हणतात त्याला. तिथून आणलेल्या पुदिन्याची पानं चटणीत जातात आणि काड्या खिडकीत. डोळे फुटलेला बटाटा, पिकून पिवळं पडलेलं कारलं, लाल भोपळ्याच्या बिया, काही म्हणून काही टाकायचं नाही. नवरा म्हणतो, "तुझ्याशी लग्न केल्यापासून मला भाजी चिरायची भीती वाटते. कुठलं देठ कधी हिशेब मागेल, नेम नाही."

हा नवरा नागपूरकडचा. सेक्टर तीसमधल्या एका प्रयोगशाळेत काम करतो, यंत्रांचे काटे जुळवतो, आणि घरी कशालाही हात लावायच्या आधी त्याचं तापमान घेतो. मी एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. बाल्कनी लांबलचक आहे, ऊन भरपूर आहे, आणि तिथे उभं राहून चहा प्यायला आता जागा उरलेली नाही.

पण खरं सांगते, एवढा सगळा उकिरडा पेरणारी मी, एक बी पेरायला मात्र घाबरत होते.

ते होतं आत्याच्या वालाचं. माझी आत्या रोह्याजवळच्या एका खेड्यात राहते. आईवडिलांच्या बदल्यांच्या नोकऱ्या होत्या म्हणून शाळेची पाच वर्षं मी तिच्याकडे काढली. घरामागे तिचा जमिनीचा एक तुकडा आहे. भात कापून झालं की जमिनीत जी ओल उरते तेवढ्यावर तिथे कडवे वाल पेरायचे. पाणी नाही, खत नाही. छोटे, तांबूस, जरासे कडसर दाणे. बिरडं करायला त्यांच्यासारखे वाल नाहीत, हे आत्याचं मत आणि माझंही. आत्याला हे बी तिच्या सासूकडून मिळालं, सासूला कुणाकडून ते कुणी विचारलं नाही.

आत्याचा एक नियम होता. बी दोन घरी असावं. एका घरी कुजलं, किडलं, कुणी खाल्लं, तरी दुसऱ्या घरी असतं. पूर्वी दुसरं घर म्हणजे समोरच्या काकू. त्या मुलाकडे सुरतेला गेल्या, आणि दोन वर्षांपूर्वी मी सुट्टीत गेले तेव्हा आत्यानं राखेत घोळवलेले वाटीभर वाल माझ्या हातात ठेवले. म्हणाली, "आता तू दुसरं घर."

मला इतका आनंद झाला होता, की मी ते वाल कॉफीच्या रिकाम्या बरणीत भरून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवले आणि दोन वर्षं हात लावला नाही. आज पेरू, उद्या पेरू. इथली हवा वेगळी, थंडी कडक, उगाच वाया गेले तर? बटाट्याच्या सालीशी जुगार खेळणारी मी, आत्याच्या बियाण्यापुढे माझं धाडस गळून जायचं.

गेल्या सप्टेंबरात शाळेच्या प्रशिक्षणासाठी मी तीन दिवस दिल्लीला गेले होते. रविवारी दुपारी परत आले. दार उघडताच नवऱ्याचा चेहरा बघितला. इतका खूश, की बॅग खाली न ठेवताच मी घरभर नजर फिरवली. हा माणूस घरात एकटा असताना खूश झाला, की काहीतरी उघडलेलं असतं.

"डोळे मीट," म्हणाला.

"मी सहा तास बसमध्ये डोळे मिटूनच होते. काय केलंस ते सांग."

त्यानं मला स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर परात. परातीत कोमट पाणी. पाण्यात मोड आलेले वाल, आणि शेजारच्या पातेल्यात सोललेल्या पांढऱ्याशुभ्र डाळिंब्यांचा ढीग. दुसरीकडे सालांचा ढीग.

"बिरडं! तुझ्या वाढदिवसाचं. तुझ्या आत्याच्या पद्धतीनं. रात्रभर भिजवले, फडक्यात बांधले, दीड दिवसात मोड आले बघ केवढे! वरच्या बरणीत होते कधीचे. नुसती राख बसली होती गं त्यांच्यावर, तीन पाण्यांनी धुतले."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही. राख बसत नाही, राख लावतात, हे मी त्याला तीन वेगवेगळ्या सुरांत सांगितलं. नागपूरपासून प्रयोगशाळेपर्यंत कुणालाही सोडलं नाही. तो हातात अर्धा सोललेला वाल घेऊन उभा. शेवटी हळूच म्हणाला, "पण मग ते बी होतं तर बरणीवर लिहायचं ना."

आणि खरंच, मी लिहिलं नव्हतं. आमच्या शाळेत प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावायला मुलांना मीच ओरडते.

तेवढ्यात फोन वाजला. आत्या.

"अगो, ऐक," ती नेहमीसारखी एका दमात सुरू झाली. "माझ्या बियाण्याला भुंगा लागला. आज डबा उघडला तर दाण्यादाण्याला भोक. एक धड नाही. पीठच झालंय नुसतं. पण म्हटलं तू आहेस ना. कार्तिकात पेरायचेत. तुझ्याकडचे अर्धे पाठव. आहेत ना?"

माझ्या बोटांना वालाची सालं चिकटली होती. समोर नवरा. त्याला फोनमधलं सगळं ऐकू येत होतं, कारण आत्या फोनवर बोलत नाही, रोह्याहून हाक मारते. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आहेत!" मी म्हणाले. "आहेत की. पाठवते."

फोन ठेवला आणि मी खाली जमिनीवर बसले. आत्याकडचं बी संपलं. माझ्याकडचं बी परातीत. म्हणजे जगात तो वाल आता त्या परातीपुरता उरला होता.

मग एकदम मला ते दिसलं. परातीत तरंगणाऱ्या वालांना मोड होते की! जिवंत होते ते! अजून सोलायचे बाकी होते!

"थांब! हात काढ पाण्यातून!" मी अशी किंचाळले की खालच्या मजल्यावरच्या आंटींनी जिन्यातून आवाज दिला, "की होया बेटा?" खाली राहणाऱ्या या सरदारीण बाई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्या वर येईपर्यंत मी सगळे वाल ओल्या पंच्यावर मांडले होते. साल शाबूत, मोड शाबूत, असे बेचाळीस निघाले. बेचाळीस!

"आणि हे?" नवऱ्यानं सोललेल्या डाळिंब्यांकडे बोट दाखवलं. "साल फक्त कवच आहे ना? अंकुर तर आत आहे. ज्यांचा मोड तुटला नाही ते पेरून बघायला काय हरकत आहे?"

"सोललेला वाल कुणी पेरतं का?"

"कुणी पेरून बघितलाय का?"

चोराच्या उलट्या बोंबा! त्यानं चिमट्यानं वीस डाळिंब्या निवडल्या. उरलेल्यांचं काय करायचं? मी रागारागानं फोडणी घातली, चिंचगूळ घातला, नारळाचं दूध घातलं. सांगायला लाज वाटते, पण बिरडं झकास झालं होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता जेवलो. आंटी मात्र दोनदा वाढून घेऊन गेल्या.

आता पेरायचं कुठे? कडव्या वालाचं झुडूप गुडघ्याएवढंच होतं, पण बेचाळीस झुडपांना जागा लागते. बाल्कनीत एक कुंडी रिकामी नव्हती. तेव्हा आंटींनी कोपऱ्यातल्या आमच्या जुन्या लोखंडी कूलरकडे बघितलं. चंदीगडच्या प्रत्येक बाल्कनीत एक असा कूलर असतोच. उन्हाळ्यात गुरगुरतो, टपटप गळतो, आणि पुढच्या वर्षी विकू म्हणत दहा वर्षं राहतो. "इसकी टंकी है ना," आंटी म्हणाल्या. "मेरा भी ले लो."

दोन कूलर! नवऱ्यानं वरची खोकी उचकटली, पंखे काढले, टाक्यांना तळाशी भोकं पाडली. गळणाऱ्या कूलरला भोकं पाडावी लागतात हाही एक विनोदच. मडक्यात कुजवलेलं माझं सगळं खत मी त्यात रिकामं केलं. वर्षभराच्या साली, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, सगळं त्या दिवसासाठीच साठवलं होतं जणू. मोड खाली करून, बोटभर खोल, एकेक वाल लावला. वीस सोललेले त्यानं वेगळ्या आइस्क्रीमच्या डब्यात लावले आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सोललेले. खाऊ नये.'

चौथ्या दिवशी सकाळी मी दात घासत बाल्कनीत गेले आणि ब्रश तोंडात तसाच ठेवून ओरडले. मातीतून माना वर काढून, कमरेत वाकलेले, एक, दोन, सात, अकरा! आठवड्याभरात चौतीस उभे राहिले. आणि सोललेल्यांचे तीन! बाकीचे कुजले, पण तीन आले! नवऱ्यानं प्रयोगशाळेत मिठाई वाटायचीच बाकी ठेवली होती.

आत्याला काय सांगायचं? दोन दिवसांनी तिचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, "जरा ऊन देऊन पाठवते." ती म्हणाली, "दे, दे. घाई नाही. खालच्या तुकड्यात मार्गशीर्ष संपेपर्यंत ओल असते." त्यानंतर वालाचं नावच तिनं काढलं नाही. मी सुटकेचा श्वास टाकला. दर रविवारी फोन यायचा आणि ती माझ्या बाल्कनीची चौकशी करायची. तशी ती नेहमीच करते. "मावा पडलाय का गो कशावर? राख फुंक सकाळची, दव असताना." खरंच शेंड्यांवर काळ्या माव्याची कीड आलेली असायची, मी राख फुंकायचे. "फुलं आली की पाणी तोड. लाड करू नकोस." मी पाणी तोडायचे. मनात म्हणायचे, काय बाई योगायोग! आपण पुदिन्याबद्दल बोलतोय आणि सल्ला वालाला लागू पडतोय.

दिवाळीच्या आत फुलं आली. पांढरी, कडेला जांभळट झाक. मी एक फूल हातात घेतलं आणि मला रोह्याचं मागचं दार दिसलं, दगडी पायरी दिसली, आत्याचा ओचा खोचलेला दिसला. चंदीगडच्या बाल्कनीत, कूलरच्या टाकीत! मी नवऱ्याला मिठी मारली. महिनाभर अबोला नव्हता, पण अशी मिठीही नव्हती.

मग शेंगा धरल्या, आणि माकडं आली. आमच्या सेक्टरात माकडांचा एक कळप ठरलेल्या वाटेनं येतो, फ्रीज सोडून सगळं उघडतो. दोन झुडपं त्यांनी एका मिनिटात ओरबाडली. मी शाळेत होते, नवरा कामावर. आंटींनी वर धावत येऊन परात बडवली, काठी आपटली, आणि त्या दिवसापासून दुपारी माझ्या बाल्कनीत खुर्ची टाकून, मांडीवर काठी घेऊन विणकाम करत बसू लागल्या. मी संकोचून म्हटलं, "आंटी जी, आप क्यों तकलीफ़..." तर म्हणाल्या, "वो दाल फिर से खानी है मुझे. पक्का?" पक्का म्हटलं. त्यांच्या हिशेबी ती डाळ होती. असो.

डिसेंबर लागला आणि नवऱ्याची झोप उडाली. टाकीत त्यानं तापमापक खोचला होता. रोज सकाळी चहाऐवजी आकडा यायचा. "आज नऊ. आज सात. आज सहा!" आम्ही जुन्या चादरी पांघरायचो, सकाळी काढायचो. आता शेंगा भरल्या होत्या, फक्त वाळायच्या होत्या, आणि ऊन गायब! सकाळी अकरापर्यंत धुकं, चारला पुन्हा अंधारून यायचं. शेंगा ओलसर, मऊ. त्यांना बुरशीचे ठिपके दिसले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मार्गशीर्ष निम्मा संपला होता.

"आमच्या प्रयोगशाळेत ओव्हन आहे," नवरा म्हणाला. "अगदी नेमकं चाळीस डिग्रीवर..."

"भाजलेले वाल पाठवू आत्याला? ओव्हनचं नाव काढशील तर याद राख!"

"मग फ्रीजवर. मागची जाळी कोमट असते. मी मोजलंय."

मोजलं होतंच त्यानं. पिवळ्या पडलेल्या सगळ्या शेंगा तोडल्या, दाणे सोलून आंटींच्या जुन्या मलमलीच्या दुपट्ट्यावर पसरले, आणि फ्रीजवर, वायफायच्या खोक्यावर, जिथे जिथे ऊब होती तिथे ठेवले. रोज उलथायचे. वाळले की नाही हे आत्या दातानं बघते. दाताखाली कट् वाजलं पाहिजे. नवव्या दिवशी मी मन घट्ट करून एक दाणा दाताखाली धरला. कट्! असा स्वच्छ वाजला, की नवरा दुसऱ्या खोलीतून धावत आला. त्याला जवळून ऐकवायला मी आणखी एक फोडला.

भरून दोन ओंजळी झाले. सोललेल्या तीन झाडांचे दाणे नवऱ्यानं वेगळ्या कागदात बांधले.

कुरिअरवर माझा विश्वास नव्हता. नवरा म्हणाला, "मी घातलेला गोंधळ, मीच घेऊन जातो." विमानाचं तिकीट काढलं. एयरोसिटी या नव्या वसाहतीपलीकडच्या विमानतळावर सहा तास बसला, धुक्यात विमान रद्द झालं. रडकुंडीला येऊन परतला आणि दुसऱ्या दिवशी केरळकडे जाणाऱ्या रेल्वेत चढला, पनवेलला उतरून रोह्याला पोचला. पुरचुंडी सगळा वेळ स्वेटरच्या आत. मार्गशीर्षाचे तीन दिवस उरले होते.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, अनवाणी, आमचे शास्त्रज्ञ ओल्या मातीत उभे! शेजारी आत्या, ओचा खोचून. पेरून झालं होतं. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. मी म्हटलं, आता कबूल करून टाकावं.

"आत्या, तुला एक सांगायचंय."

"ते राहू दे," ती म्हणाली. "आधी सांग, सोललेल्यांचे हे दाणे वेगळ्या वाफ्यात लावलेत, ते चालतील ना?"

नवरा चिखलातल्या आपल्या पायांकडे बघत होता.

"तुला कुणी सांगितलं?"

"अगो, त्याच दिवशी फोन केला जावयांनी. तू बिरड्याला फोडणी घालत होतीस, हे जिन्यात उभे राहून बोलत होते. रडायचेच बाकी होते. सगळं कबूल केलं."

"आणि तू मला काही बोलली नाहीस? चार महिने? मी धडधडीत खोटं बोलत होते ना तुझ्याशी!"

"म्हणूनच नाही बोलले." आत्यानं कपाळावरचा घाम पुसला. "खरं बोलली असतीस तर मी म्हटलं असतं, जाऊ दे पोरी, आणि तूही जाऊ दिलं असतंस. खोटं बोललीस, म्हणून पिकवलंस. दोन वर्षं बरणीत कोंडून ठेवलेलं बी गो ते. मी तुला पेरायला दिलं होतं, पुजायला नाही."

मार लागला तो नेमका तिथेच. सगळं जग पेरत सुटलेल्या मला, जे माझं होतं तेच हातून सुटेल म्हणून धरून बसायची सवय आहे, हे तिनं रोह्याला बसून ओळखलं होतं.

फाल्गुनात पार्सल आलं. आत राखेचा वास. तीन पुरचुंड्या होत्या, प्रत्येकीवर आत्याच्या तिरक्या अक्षरात चिठ्ठी. पहिलीवर, 'पेरायचे.' दुसरी सगळ्यात मोठी, तिच्यावर, 'जावयांना. भिजवावे.' तिसरीवर, 'खालच्या बाईंना, पेरायचे.'

मी फोन लावला. म्हटलं, "आत्या, आंटींना कशाला? तूच म्हणतेस ना, बी दोन घरी असावं."

"हो, पण त्यातल्या एका घरी जावई आहे."

मी तिसरी पुरचुंडी घेतली आणि खाली गेले. आंटी खाली परत आणलेल्या त्यांच्या कूलरच्या टाकीतली माती उकरत बसल्या होत्या.